शंका क्रमांक सतरा

३ फेब्रुवारी, शनिवार

संपादकांनी रविवारच्या पुरवणीत 'छंदी माणसं' असं सदर काढलं आहे. ज्याला दुसरं काम नाही असा त्यांचा समज आहे, त्याच्या गळ्यात ते पडलं. म्हणून आज दुपारी घड्याळजींच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बसलो.

तिथे तीन माणसं दर शनिवारी एकच चित्रपट पाहतात. सहा वर्षं झाली. घड्याळजी यजमान, खाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान, वर ही खोली, खोलीत एक टीव्ही आणि चार खुर्च्या. दुसऱ्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई, शनिवारी दवाखाना अर्धा दिवसच ठेवणाऱ्या. तिसरे ऑपरेटर. चित्रपटगृहाचं आता फर्निचरचं दुकान झालं, पण एकतीस वर्षं तिथलं यंत्र यांनी चालवलं, त्यामुळे यंत्र गेलं तरी नाव राहिलं.

चित्रपट 'राखाडी ओव्हरकोट'. बावीस वर्षांपूर्वीचा परदेशी हेरपट, मराठीत बोलता केलेला. मूळ भाषेतली प्रत आता कुठेच मिळत नाही. ऑपरेटरांनी चालवलेल्या मराठी प्रतीवरून कुणीतरी डिस्क करून दिली, तेवढीच उरली आहे. त्यातल्या न कळलेल्या आणि खटकलेल्या जागांची एक वही केली आहे. आजवर एक्केचाळीस शंका. मीमांसकांनी यज्ञातल्या उपकरणांवर केला नसेल एवढा खल या मंडळींनी नायकाच्या सफरचंदावर केला आहे. (शंका क्रमांक चार: नायक खिशातून सफरचंद काढतो ते आधीच चावलेलं कसं?)

"चावा त्याचा नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचा खालचा सुळा वाकडा आहे. हा कुणातरी सरळ दातांच्या माणसाचा."

"म्हणजे कुणाचा?" मी विचारलं.

"दिग्दर्शकाचा असेल. दुपारची वेळ होती, भूक लागली असेल."

सगळं टिपून घेतलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. या चित्रपटाचे मराठी संवाद माझे आहेत. तेव्हा वर्तमानपत्रात नवा होतो, हाताला खाज होती. पडद्यावर नाव आलं नाही आणि मीही कुणाला बोललो नाही. घरात तीन पिढ्यांचं संस्कृत. त्यातल्या चौथ्याने हेरांच्या तोंडी शब्द घालावेत हे वडिलांच्या कानावर जायला नको होतं.

खाली दुकानात समोरच एक पाटी आहे. निळ्यावर पांढरी, झोकदार अक्षरं: 'काळ कुणाच्याही मनगटाला बांधलेला नसतो.' चित्रपटातलंच वाक्य. घड्याळजींनी ते स्वतः रंगवून घेतलं. गिऱ्हाईकं वाचतात, मान डोलावतात आणि मनगटाला बांधायचं घड्याळ घेऊन जातात.

वाक्य माझं आहे. नोंद केली, इतकंच.

लेख एका बैठकीत होईल.

१० फेब्रुवारी, शनिवार

लेख एका बैठकीत होत नाही असं दिसलं, म्हणून पुन्हा गेलो.

आज एक निराळीच गोष्ट ध्यानात आली. घड्याळजी आणि ऑपरेटर एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या खुर्चीत डॉक्टरीणबाई असतात त्या याचसाठी.

"डॉक्टरीणबाई, त्यांना सांगा, खुर्ची जरा मागे घ्या. पडदा झाकला जातोय," घड्याळजी.

हातभर अंतरावरून ऑपरेटर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्यांना सांगा, पडदा कसा लावायचा हे मला शिकवू नका."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही निरोप पोचवले, शब्दाचाही फरक न करता. दात काढणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा स्थिर चेहरा ठेवून.

जिना उतरताना त्यांनी उलगडा केला. "चाळीस वर्षांचे दोस्त आहेत. अरे-तुरेशिवाय बोलणं नव्हतं. आता ऐका, 'त्यांना', 'ते', 'घ्या'. आपल्याकडे दोस्ताचा मान अचानक वाढला की समजावं, काहीतरी बिनसलंय."

बिनसलं ते सतराव्या शंकेवरून. प्रसंग असा: रेल्वे स्थानकावरचा बाक. नायकाला सरहद्द ओलांडायची आहे. शेजारी त्याची हेरखात्यातली जुनी सोबतीण. तिच्या मांडीवर एक पाकीट, ते ती बाकावर ठेवते. कॅमेऱ्याला पाठमोरी होऊन त्याचा हात हातात घेते आणि म्हणते, "काळ कुणाच्याही मनगटाला बांधलेला नसतो." मग तोंड वळवून म्हणते, "निरोप घेऊन जा." नायक मान हलवून नाही म्हणतो आणि रिकाम्या हाताने चालू पडतो. पाकीट बाकावरच. पुढचं दृश्य सरहद्दीचं. पहारेकरी विचारतो, "किती वाजले?" नायक मनगट पुढे करतो. पहारेकरी बघतो आणि फाटक उघडतो.

निरोप घेतलाच नाही, तर फाटक उघडलं कसं? यावर गोष्ट अडली आहे.

आठ महिन्यांपूर्वी घड्याळजी बोलून गेले, "तो मागे येऊन पाकीट उचलतो असा तुकडा मध्ये असणार. फीत तुटली असेल, तू सांधा देताना तेवढं उडवलंस. कापलंस तू." ऑपरेटर उठले, चपला घातल्या आणि पुढच्या शनिवारी 'ते' होऊन परत आले. त्याच आठवड्यात त्यांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला खाली दिलेलं होतं. ते अजून तिथेच आहे. हे मागत नाहीत, ते देत नाहीत.

पाटीतलं वाक्य पडद्यावर ऐकताना तिघांचेही ओठ हलत होते. मी वहीत डोकं घातलं.

घरी येताना वाटेत एक खडा टोचायला लागला, बुटात नव्हे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

माळ्यावर चढलो. ही खाली शिडी धरून उभी. "अहो, काय हवंय ते सांगा तरी. पडलात तर मला एकटीला उचलायचं आहे."

"जुनी वही."

"कुठली?"

"सापडली की कळेल."

सापडली. संवादांची मूळ यादी आणि शेजारी माझा मराठी मसुदा. माझं अक्षर तेव्हा बरं होतं, बुद्धी बेताची.

स्थानकाचा प्रसंग. मूळ यादी म्हणते, बाई नायकाला विचारते की जाण्याआधी निरोपाचे दोन शब्द तरी बोलशील का. तो नाही म्हणतो. बस. निरोप म्हणजे जाताना घेतात तो. पोचवायचा असतो तो नव्हे. त्या जागी बाईंचे ओठ मिटताना दिसतात, तिथे प-वर्गातलं अक्षर हवं होतं. ओष्ठ्य वर्णांवर माझा भारी जीव. 'निरोप' चपखल बसला आणि मी स्वतःवर खूश झालो. बाजूला पाकीट आहे, गोष्ट हेरांची आहे, ऐकणारा निरोपाचा कुठला अर्थ घेईल, हे सुचलंच नाही. श्लेष कवीने केला तर अलंकार, नकळत झाला तर दोष. वर्गात हे मी पाठ केलं होतं.

पाकीट? यादीत कंसात लिहिलं आहे: औषधाचं.

आणि वरची ओळ. ती पाठमोरी असते, ओठ दिसत नाहीत, म्हणून तिथे मी मोकाट सुटलो. मूळ वाक्य आहे: 'तुझं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, मागे घेते.' मला ते फार अळणी वाटलं. मी ते खोडून काळ आणि मनगट लिहिलं.

म्हणजे ती त्याचा हात प्रेमाने धरत नाही. काटे मागे फिरवते. चुकीची वेळ हीच खूण. पहारेकऱ्याला मनगटावर तीच हवी असते. वहीतली नववी शंका, 'स्थानकावर घड्याळात चार वाजून दहा, सरहद्दीवर चारला दहा कमी, दिग्दर्शकाची ढिलाई', हिचंही उत्तर तेच.

कुणीही काहीही कापलेलं नाही. कापलं असेल तर मी.

"सापडली का?" हिने खालून विचारलं.

"सापडली."

"मग उतरा. माझे हात भरून आले."

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगायचं म्हणूनच गेलो होतो. मसुदा पिशवीत होता.

दुकानात शिरलो तर घड्याळजी पाटी पुसत होते. ओल्या फडक्याने, प्रत्येक अक्षराच्या पोटातून. "पेपरवाले," मला म्हणाले, "हे ज्याने लिहिलं ना, त्याला काळ कळला होता. माझी बायको गेली त्या महिन्यात ही पाटी लावली. दुकान उघडावंसं वाटायचं नाही. हे वाचायचो आणि शटर वर करायचो."

यानंतर पिशवी उघडणं शक्य नव्हतं. त्यांच्या जिव्हाळ्यापायी गप्प बसलो, दुसरं काही नाही.

वर ऑपरेटरांनी जाहीर केलं, "गुडघे जिना चढू देत नाहीत. लेक म्हणते, माझ्याकडेच ये राहायला. तीन मार्चला सकाळची बस. आता काही परत येणं व्हायचं नाही."

मग घड्याळजी म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्यांना विचारा, सामान किती आहे."

"दोन बॅगा, सांगा त्यांना."

"बरं, म्हणावं."

चाळीस वर्षांचा हिशेब 'बरं, म्हणावं' वर मिटला. मी हेही टिपून घेतलं. वार्ताहराला टिपण्याचं एक बरं असतं, हात रिकामे राहत नाहीत.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेटर कचेरीत आले. दोन मजले, धापा टाकत. आमच्या पुठ्ठ्याच्या पेल्यातला चहा त्यांनी न पिता हातात धरून ठेवला.

"लेखात एक ओळ घाला," म्हणाले. "ऑपरेटरने फीत कापली नाही, एवढंच."

"लेख छंदांवर आहे हो."

"असू दे. कुठेही कोपऱ्यात. छापून आलं की तो वाचेल. माझ्या तोंडून ऐकणार नाही." मग पेला खाली ठेवून दोन बोटं जवळजवळ आणून दाखवली. "फीत तुटायची, नाही म्हणत नाही. सांधा दिला की दोन चौकटी जातात. दोन. एका सेकंदात चोवीस जातात. अख्खं दृश्य उडवलं तर लोक खुर्च्या मोडतील की नाही? एकतीस वर्षांत माझ्यावर कुणी शिट्टी मारली नाही. आणि हा, ज्याला मी यंत्राच्या खोलीत बसवून फुकट सिनेमे दाखवले, हा म्हणतो, कापलंस."

मी म्हणालो, बघतो.

"बघा," ते म्हणाले. "जाण्याआधी जमलं तर. मला तिकडे चोर होऊन जायचं नाही."

जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. उतरताना सवयीने त्यांनी उजवा हात उलटा करून मनगटाकडे पाहिलं. तिथे पट्ट्याचा पांढरा वळ होता.

२१ फेब्रुवारी, बुधवार

काही सुचलं नाही. नगरपालिकेच्या गटारांवर बातमी दिली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंना कुणाची तरी अक्कलदाढ आली, म्हणजे काढायची आली, त्यामुळे मधल्या खुर्चीत मी. दोन तास निरोप पोचवले. माझ्या पदव्यांचा इतका सरळ उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

"त्यांना सांगा, प्रवासात पाणी सोबत ठेवा. बसमधलं पिऊ नका."

"त्यांना सांगा, मला समजतं."

"त्यांना सांगा, समजतं तर गेल्या खेपेला आजारी कसे पडलात?"

"त्यांना सांगा, तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं, ते आठवतंय मला."

हा निरोप मी शब्दाचाही फरक न करता पोचवला. घड्याळजी डोळ्याला लावायचं भिंग शर्टाला पुसत बसले, बराच वेळ.

घरी हिला सगळं सांगितलं. मसुदाही दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या.

"मग अजून बोलला का नाहीत?"

"पाटीचं मन मोडवत नाही."

"पाटीला मन कुठलं?"

"घड्याळजींचं म्हणतो मी."

"अहो, त्या म्हाताऱ्यावर आळ आहे आणि तुमच्याकडे कागद आहे." चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं तुमचं वाक्य लोक पाठ म्हणतायत, ते सुटत नाहीये तुम्हाला. आणि दुसरं सांगू? शंका मिटली की शनिवार मिटेल अशी भीती वाटते."

पहिल्यात थोडं तथ्य असू शकेल. दुसरं अगदीच निराधार. मी तिथे कामासाठी जातो.

"मग आज इस्त्रीचा शर्ट घालून गेलात तो गटारांसाठी का?" असं विचारून ती कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली. संसारात प्रतिवादाची संधी मिळत नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

संपादकांनी लेख मागितला. म्हटलं, प्रकरण खोल आहे. ते म्हणाले, सफरचंदाचं ना?

२ मार्च, शनिवार

सांगितलं.

शेवटची बैठक म्हणून ऑपरेटरांनीच सतरावी शंका लावायला सांगितली होती. बाक आला, पाकीट आलं, मनगट आलं. मी म्हणालो, "जरा थांबवा." मग उभा राहिलो. का उभा राहिलो ठाऊक नाही, शाळेत पाठ न झाल्यावर राहतात तसा.

"या चित्रपटाचे मराठी संवाद मी लिहिले आहेत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा. घाम आलाय तुम्हाला."

मी बसलो नाही. मसुदा काढून दोन्ही ओळी वाचल्या, आधी मूळ यादीतल्या, मग माझ्या. निरोप म्हणजे कुठला, तेही सांगितलं. पाकीट औषधाचं, तेही. आणि शेवटी, "फीत कुणीही कापलेली नाही. ती घड्याळ मागे घेते असं मूळ वाक्य होतं. मला अळणी वाटलं म्हणून मी उडवलं. पाटीवर आहे ते त्याच्या जागी घातलेलं."

ऑपरेटर पडद्याकडेच बघत राहिले. त्यांनी एकदाच नाकाने श्वास सोडला, यंत्र बंद केल्यावर त्याचा पंखा सोडत असेल तसा.

घड्याळजी उठले. भिंग डोळ्याला लावलं आणि टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक टेकवून त्या थांबलेल्या चित्राकडे पाहू लागले. बाईंची बोटं नायकाच्या मनगटावर. मी सहा वेळा पाहिली असतील, त्यांनी तीनशे.

"चावी बाहेर ओढलेली आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "चावी बाहेर ओढल्याशिवाय काटे फिरत नाहीत. अंगठा खाली, मधलं बोट वर. काटे मागे घ्यायची पकड आहे ही. दिवसातून चाळीस वेळा मी स्वतः हेच करतो." भिंग काढलं. "आणि मला वाटायचं, हात धरलाय."

मग ते वळले.

"डॉक्टरीणबाई, त्यांना सांगा..."

डॉक्टरीणबाई पिशवीत रुमाल शोधू लागल्या. "मला आज ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या. "दाढेचा त्रास."

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मसुद्याच्या घड्या सरळ करत होतो.

शेवटी त्यांनी ऑपरेटरांच्या गुडघ्याकडे बघत म्हटलं, "कापलं नव्हतंस."

"नाही."

"मग तेव्हाच दोन थोबाडीत का नाही दिल्यास?"

"तू भिंग लावलं होतंस डोळ्याला. काच फुटली असती, गाढवा."

आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा एकवचन, आणि शेवटी 'गाढवा'. व्याकरणात संबोधन म्हणतात याला. डॉक्टरीणबाईंना रुमाल सापडला, पण तो त्यांनी दातांसाठी वापरला नाही.

उतरताना पाटीसमोर थांबलो. म्हटलं, "काढून टाका. मूळ वाक्यच नाही ते."

घड्याळजींनी पाटीकडे मान तिरकी करून पाहिलं. "राहू द्या. चुकीचं असेल, पण शटर त्याच्यावरच वर झालंय माझं. आणि अक्षर चांगलं आलंय." मग म्हणाले, "मात्र पेपरवाले, महिनाभर जवळ ठेवलंत हे. हे काही बरं केलं नाहीत."

"नाही केलं."

"तो जाईपर्यंत नसतं सांगितलंत तर?"

मी मसुदा पिशवीत टाकला. त्यांनी माझ्या खांद्यावर एक थाप मारली. जरा जोरातच.

३ मार्च, रविवार

सकाळी बस स्थानक. दोन बॅगा, एक पाण्याची बाटली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेटरांना नवा दातांचा ब्रश दिला, मऊ केसांचा, वापरण्याच्या सूचनांसह. घड्याळजी कुठे दिसेनात. ऑपरेटर दर दोन मिनिटांनी उघड्या मनगटाकडे बघत होते आणि मग मला वेळ विचारत होते.

बस लागली तसे घड्याळजी धापा टाकत आले. दुकानाचा एप्रन अंगावरच. खिशातून ऑपरेटरांचं घड्याळ काढलं, नवा पट्टा घातलेला. हातात दिलं नाही. बाकावर शेजारी बसले, ऑपरेटरांचा हात मांडीवर घेतला आणि स्वतः बांधू लागले. कारागिराची बोटं, तरी एक भोक चुकलं.

ऑपरेटरांनी घड्याळ बघितलं, मग स्थानकावरचं मोठं घड्याळ बघितलं.

"वीस मिनिटं मागे आहे हे."

"माहीत आहे."

"बस चुकेल अशाने माझी."

"चुकू दे की," घड्याळजी म्हणाले. "लेकीला सांग, घड्याळजीने बिघडवलं."

कंडक्टरने घंटी दिली. ऑपरेटर उठले, गुडघ्यांनी कुरकुर केली. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"निरोप घेऊन जाऊ का रे?"

"कुठला?"

"दोन्ही," ऑपरेटर म्हणाले.

घड्याळजींनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मी तीन हातांवर होतो, नीट ऐकता आलं असतं. बसच्या मागच्या पाटीवरचा क्रमांक वाचत राहिलो.

बस वेळेवर गेली.

परतताना आम्ही तिघं चालत निघालो. कोपऱ्यावर घड्याळजी म्हणाले, "वहीत काल बेचाळिसावी शंका लिहिली. संवाद लिहिणाऱ्याने महिनाभर तोंड का उघडलं नाही."

"उत्तर?"

"जागा सोडलीय." मग विचारलं, "लेख झाला का?"

"नाही अजून."

"तुमची चौथी खुर्ची तशीच ठेवतो."

घरी आल्यावर ही दारात होती. "गेले का?" म्हणाली. गेले म्हटलं. तेव्हा म्हणाली, "शनिवारचा शर्ट धुवायला टाका."

टाकला. लेखाला अजून दोन-तीन बैठका लागतील असं दिसतं. सफरचंदाचं प्रकरण वाटलं होतं त्याहून खोल आहे.